पथारीच्या खिडकीतले यंत्रमानव

नंदुरबार शहर, नंदुरबार तालुका आणि पृथ्वी या ग्रहावरील समस्त रहिवाशांना अत्यंत गंभीरपणे कळवण्यात येते, की मंगळ हा ग्रह आमच्या घराच्या पश्चिमेला, कुंपणापलीकडे आहे. दुर्बिणीची आवश्यकता नाही. थंडी पडली की तो आपोआप उगवतो आणि ऊन तापू लागलं की पोत्यांत भरून गाड्यांवर चढवला जातो. ज्यांना शंका असेल त्यांनी आमच्या मागच्या खिडकीशी यावं, नाक उघडं ठेवावं आणि एकच श्वास घ्यावा. पुढची साक्ष त्यांचेच डोळे देतील.

यंदाही तो उगवला. ट्रॅक्टरच्या ट्रॉल्या मागे घेतल्या गेल्या, ओल्या मिरचीचे ढीग पडले, ते फावड्यांनी पसरले गेले आणि दोन-चार दिवसांत कुंपणापासून थेट रेल्वेच्या रुळांकडच्या बाभळींपर्यंत जमीन लाल झाली. याला आमच्याकडे पथारी म्हणतात. पहिल्या दिवशी मिरचीचा वास गोडसर असतो, ओल्या फडक्यासारखा. मग ऊन तिच्यात शिरतं आणि वासाला नखं फुटतात. साऱ्या गावाला ठसका लागतो. कामाला निघताना कोणी शिंकलं तर जरा थांबावं, असं इतर गावांत मानतात. आमच्याकडे थंडीत हा नियम लागू नाही. लागू केला तर होळीपर्यंत कोणी उंबरा ओलांडणार नाही.

परवा दुपारी मी ती खिडकी लावायला गेलो. आता तिला ॲल्युमिनियमची सरकती तावदानं आहेत. बोटाने ढकलली की बंद. पण पूर्वी तिथे नुसती लाकडी चौकट आणि लोखंडी जाळी होती आणि एका थंडीत त्या जाळीवर यंत्रमानव राहायला आले होते.

ते आले सुरतेहून, रद्दीतून. अण्णांचं, म्हणजे माझ्या वडिलांचं, किराणा दुकान होतं. पुड्या बांधायला आणि पिशव्या करायला रद्दी लागायची आणि तिचे गठ्ठे सुरतेच्या गाडीने यायचे. पिशव्या करायची फुई. फुई म्हणजे अण्णांची धाकटी बहीण. लग्नानंतर थोड्याच दिवसांत नवरा गेला आणि ती माहेरी परतली. तिने आपलं दुःख कुठे ठेवलं ते कोणाला कळलं नाही, कारण तिचे हात कधी रिकामे दिसलेच नाहीत. दिवसा ती पथारीवर बायकांच्या ओळीत उकिडवी बसून मिरचीचे देठ खुडायची. संध्याकाळी ओसरीवर तशीच उकिडवी बसून गव्हाच्या पिठाची खळ लावून पिशव्या चिकटवायची. जमिनीशी असलेला तिचा करार गुडघ्यांनी सही केलेला होता.

एकदा गठ्ठा सोडला तर आत इंग्रजी मासिकं. जुनी, अमेरिकेतली. कोणत्या बोटीतून, कोणाच्या कपाटातून, कोणाच्या मरणानंतर ती सुरतेच्या रद्दीवाल्याकडे आली, देव जाणे. आतला कागद जाड, खरखरीत, पिवळा, आणि इतका वाळलेला की घडी घातली की कोपरा हातात. त्यात बांधलेली हळद गिऱ्हाइकाच्या घरी पोचेपर्यंत निम्मी रस्त्याला लागायची. लोक ओरडले. मग अण्णांनी आतली पानं बंबात घालायला दिली. परग्रहावरच्या साऱ्या लढाया अशा रीतीने आमच्या आंघोळीला गेल्या. त्यांत काय लिहिलं होतं ते अजून कोणाला माहीत नाही. पण पाणी कडक तापायचं, हे मी शपथेवर सांगतो.

उरली ती मुखपृष्ठं. चकचकीत, ताठ, पिशवीला नालायक. फुईने एक उचलून उजेडात धरलं. आई डोकावली.

“काय शे व हाई?”

“बंब शे,” फुई म्हणाली. “पाय फुटनात त्याले.”

आणि खरंच, तो आमचाच बंब होता. तोच पितळी गोल पोटाचा, तेच खिळे ठोकलेले सांधे, डोक्यावर धुराड्यासारखं काहीतरी, छातीवर तोटी. फक्त याला हात होते, खाटेच्या पायांएवढे, आणि डोळ्यांच्या जागी दोन दिवे. मागे केशरी आभाळ, त्यात दोन-दोन चंद्र, आणि वर अशा तापलेल्या अक्षरांत मासिकाचं नाव की इंग्रजी न येणाऱ्यालाही कळावं, काहीतरी भयंकर झालेलं आहे. दुसरं उचललं, दुसरा बंब. याचं डोकं काचेच्या बरणीचं. तिसरा चौकोनी, आमच्या दुकानातल्या तेलाच्या डब्याचा सख्खा भाऊ. प्रत्येकाच्या पायाखाली जमीन मात्र एकच. लालभडक, क्षितिजापर्यंत.

मिरचीचे दिवस होते. पश्चिमेच्या जाळीतून ठसका घरात यायचा आणि आई सैपाक करता करता खोकून खोकून लाल व्हायची. फुईने खळ कालवली आणि ती सगळी मुखपृष्ठं जाळीच्या चौकटीवर चिकटवून टाकली. चित्रं आतल्या बाजूला. “भाईर उन्हं खाई जाई त्यास्ले,” ती म्हणाली. आमच्या घरात कलेचं एवढं जतन त्याआधी आणि त्यानंतर झालेलं नाही.

दुपार कलली की त्या खिडकीत जे व्हायचं ते मी पुढे कुठल्याही संग्रहालयात पाहिलं नाही. सूर्य पथारीच्या मागे उतरायचा, उजेड लाल मिरचीवरून लोळत यायचा आणि कागदामागे पेटायचा. बंब जिवंत व्हायचे. त्यांच्या डोळ्यांतले दिवे लागायचे. पानाच्या मागच्या बाजूची छापील अक्षरं त्यांच्या पोटातून उलटी दिसायची, जणू गिळलेलं काही अजून पचलेलं नाही. मी जेवणाचं ताट घेऊन त्यांच्यासमोर बसायचो आणि डोळे मोठे करून त्यांना घास दाखवायचो. बाहेर बायकांच्या बोलण्याचा, दाताळ्यांनी मिरची ओढण्याचा खसखस आवाज यायचा. माझी खात्री होती, तो आवाज चित्रातूनच येतो.

का नसावी? तुम्ही पथारीवर काम करणारी बाई पाहिली आहे? डोक्याला फडकं, नाकातोंडाला फडकं, लुगड्यावर नवऱ्याचा जुना सदरा, हातांना मोजे. चेहऱ्याची एक फट तेवढी उघडी. अशा पन्नास आकृत्या लाल जमिनीवर सावकाश सरकतात आणि त्यांच्या सावल्या लांब पडतात. मी घरातून पाहायचो तर चित्रात लाल जमीन आणि तिच्यावर परके जीव. दार उघडून पाहायचो तर तेच. माझा निष्कर्ष निघाला. अमेरिकेचा कोणी चित्रकार नंदुरबारला येऊन गेला होता. आमच्या कुंपणाशी घडीची खुर्ची टाकून बसला होता आणि शिंकत शिंकत त्याने हे सगळं काढलं होतं.

शाळेत गुरुजींनी विचारलं, “मंगळ लाल का दिसतो?” मी हात वर केला. “गुरुजी, तिथे मिरची वाळत घातलेली असते.” गुरुजी घाटावरचे, आमच्याकडे नवीनच बदलून आलेले. ते हसण्याची वाट बघत थांबले. वर्गात एकही पोर हसलं नाही. उलट मागच्या बाकावरून गंभीर प्रश्न आला, “कोनी पथारी शे रे तठे?” म्हणजे, कुठल्या व्यापाऱ्याची? त्याच वेळी वाऱ्याची झुळूक आली आणि गुरुजींना जो ठसका लागला त्याने खगोलशास्त्राचा तास संपवला.

आता एक नाजूक बाब. त्या मुखपृष्ठांवर यंत्रमानवाबरोबर बहुधा एक बाई असायची. बाई सोनेरी केसांची आणि कपड्यांच्या बाबतीत अत्यंत काटकसरी. दुसऱ्याच दिवशी आईने कात्री घेतली. दुकानात कापडगिरणीची रंगीत लेबलं पडलेली असत. त्यांतून तिने पदर कापले, निऱ्या कापल्या, खळ लावली आणि संध्याकाळपर्यंत परग्रहावरची प्रत्येक बाई अंगभर लुगड्यात आली. एकीला तिने काठ जुळवून दिले. ती बाई अजून किंचाळतच होती, पण आता घरंदाजपणे.

आणि या कात्रीमुळे चित्रांचा अर्थच बदलला. पथारीवर लीलाबाई नावाची एक बाई यायची, सातपुड्याच्या डोंगरातल्या गावची. हंगामापुरती. दुपारी पाणी प्यायला ती आमच्या ओसरीवर टेकायची. तिने खिडकी पाहिली. एका चित्रात तो पितळी बंब लुगड्यातल्या बाईला दोन्ही हातांवर आडवी घेऊन लाल माळावरून निघालेला होता. लीलाबाई तोंडावरचं फडकं खाली ओढून कितीतरी वेळ बघत राहिली. मग हळूच म्हणाली, “लई बिमार शे का ती?”

फुईने एकदा चित्राकडे पाहिलं, एकदा लीलाबाईकडे. “हां,” ती म्हणाली. “दवाखानाम्हा ली जाई ऱ्हायना.”

“दूर शे का दवाखाना?”

“त्यान्हा गावले दूरच शे.”

लीलाबाईने मान हलवली. तिला सगळं समजलं होतं. तिच्या डोंगरात रस्ता नव्हता. तिथे माणूस आडवा उचलून कोणी चालताना दिसला तर त्याचा एकच अर्थ होता. तिने जाताना त्या बंबाकडे असं पाहिलं, जसं आपण दुसऱ्याच्या कर्तबगार मुलाकडे पाहतो. जगभर लोकांनी त्या चित्रांत राक्षस पाहिला असेल. आमच्या ओसरीवर मात्र तो मोसम संपेपर्यंत बायका येता-जाता विचारायच्या, “पोचना का नही अजून?”

तो मोसम संपला. उन्हाने कागद खाल्ला, खळीपायी झुरळांनी बाया खाल्ल्या, आधी लुगडी गेली, मग बंब. पावसाळ्याआधी अण्णांनी जाळीवर पत्रा ठोकला. मी मोठा झालो, नोकरी केली, पोट वाढवलं, गावातल्या प्रत्येक कार्यक्रमात सूत्रसंचालन करून लोकांना छळलं. अण्णा गेले, आई गेली. फुई राहिली. आणि गेल्या पावसाळ्यात फुईचे गुडघे संपले.

संपले म्हणजे काय, हे मला आधी कळलं नव्हतं. मला वाटायचं गुडघे दुखतात. फुईचे गुडघे दुखण्याच्या पलीकडे गेले होते. आतली गादीच उरली नव्हती, हाडावर हाड घासत होतं. आधी काठी, मग भिंत, मग माझा खांदा. आणि श्रावणानंतर एका सकाळी ती खाटेवरून उठायला गेली आणि उठलीच नाही. तेव्हापासून तिला मी उचलू लागलो. खाटेवरून खुर्चीवर. खुर्चीवरून मोरीत. मोरीतून खाटेवर.

मी गमत्या माणूस आहे. पहिल्या दिवशी मी तिला हातांवर घेऊन, घशातून यंत्रासारखा आवाज काढत, पाय ताठ टाकत चाललो. “फुई, देख, बंब उना!” एरवी ‘बंब आला’ म्हटल्यावर ती पोट धरून हसली असती. मी खाली पाहिलं. तिने डोळे घट्ट मिटले होते आणि पदराचं टोक दातात धरलं होतं. सुनंदा, माझी बायको, दारात उभी होती. तिने मला नजरेनेच गप्प केलं. तेव्हापासून मी तिला मुकाट्याने उचलतो. उचलायचो.

त्या मुखपृष्ठांबद्दल मी नव्याने विचार करू लागलो तो तेव्हा. त्या चित्रकारांनी बंबाचा एकेक खिळा मनापासून रंगवला. पण त्याचे दंड भरून येतात की नाही, हे त्यांनी कधी सांगितलं नाही. आणि ती बाई. आम्हाला वाटायचं, ती बंबाला घाबरून किंचाळते. मला आता वाटतं, तिचे पाय जमिनीला लागत नाहीत म्हणून ती किंचाळत होती. उचलणारा पितळेचा असो की पोटच्या पोरासारखा भाचा, मोरीत जाताना कोणाच्या तरी हातांवर असणं हीच ती भयंकर गोष्ट, जी सांगायला कुठल्याही ग्रहावरची भाषा पुरत नाही.

सुरतेच्या डॉक्टरांनी फोटो पाहिले आणि सांगितलं, दोन्ही गुडघे बदलावे लागतील. वय आहे, हृदय जरा दमलेलं आहे, धोका आहे. पण नाही केलं तर त्या कायम खाटेवरच. मग त्यांनी हसत हसत जोडलं, “आमच्याकडे आता हे रोबोटच्या मदतीने होतं.”

घरी मी हे जाहीर केलं तेव्हा शक्य तितक्या हलक्या आवाजात केलं. फुई शेंगा सोलत होती.

“कोन करी?” तिने विचारलं.

“डॉक्टरच करतीन फुई. पन हात यंत्रना.”

“बंबना?”

“तसाच समज.”

ती सोलत राहिली. मी घाबरलेलो होतो, म्हणून बोलत सुटलो. मोबाइल काढून तिला ती जुनी मुखपृष्ठं शोधून दाखवली. सगळी आहेत तिथे, स्वच्छ, कोरी, उन्हाने न खाल्लेली. तोच पितळी बंब, तीच लाल जमीन, हातांवर तीच बाई. पण काहीतरी चुकल्यासारखं वाटत होतं, आणि ते काय हे मला उमगेना. फुईने चष्मा लावला, पडदा नाकाजवळ नेला आणि कळवळून म्हणाली, “अरे देवा! या बायास्ना लुगडा कोठे गयात?”

आम्ही तिघं हसलो. हसता हसता सुनंदाने तिचा हात धरला आणि विचारलं, “फुई, खरंच करायचं ना? तुम्ही म्हणाल तसं. नको असेल तर नको.” मला तिने ‘नको’ म्हणायला हवं होतं. मी तिला उचलायला तयार होतो, आयुष्यभर, तिच्या आणि माझ्याही. तिला गमावायला तयार नव्हतो.

फुईने शेंगांची टरफलं पदरातून झटकली. “माले मोरीलोंग मन्हा पायवर जानं शे,” ती म्हणाली. “बस. त्याम्हा मरनु ते मरनु.”

यावर कुठलंही भाषण चालत नाही. मी सूत्रसंचालक आहे, मला कळतं कधी माईक खाली ठेवावा.

काळजी करू नका, ती मेली नाही. आत्ता हे लिहिताना पलीकडच्या खोलीत तिच्या चौपायी आधाराची टकटक ऐकू येते आहे. खाटेपासून मोरीपर्यंत. मध्ये कोणी आलं तर ती आधार उचलून दाखवते. डॉक्टरांनी उकिडवं बसायला कायमची मनाई केली आहे. त्यामुळे पथारीकडे ती आता खिडकीशी उभी राहून बघते. बायका फडक्यांत गुंडाळलेल्या, जमीन लाल, सावल्या लांब. ती काय बघते ते मी विचारत नाही. कधीकधी तिच्या चेहऱ्यावर असं काहीतरी असतं, जणू तिची जागा ओळीत रिकामी आहे आणि ती भरायला कोणी पुढे येत नाही. पाय मिळाले, जमीन गेली. असा हिशेब तिच्यासमोर मांडायची माझी छाती नाही.

पण मला सांगायची आहे ती ऑपरेशनच्या आदल्या दिवशीची गोष्ट. सुरतेला दवाखान्यात भरती झाल्यावर फुईने एकच हट्ट धरला. “माले तो बंब देखाडा.” परिचारिका म्हणाली, तसं दाखवत नाहीत. फुईने जेवायला नकार दिला. शेवटी ते तरुण डॉक्टर स्वतः आले, हसले, म्हणाले, “चला आजी, भेट घालून देतो.”

त्या दिवशी तिने हिरवं लुगडं नेसायचं ठरवलं, लग्नकार्यातलं. सुनंदाने तिचे केस विंचरले. तिने डोक्यावरून पदर घेतला, तो कपाळावर नीट बसवला. मला वाटलं, कुतूहल आहे म्हातारीचं. चाकाच्या खुर्चीतून आम्ही तिला लांबच लांब, पांढऱ्या, थंड बोळातून नेलं. तिचे ओठ हलत होते, जसं पाठ केलेलं काही विसरू नये म्हणून आपण पुटपुटतो. मी वाकून ऐकायचा प्रयत्न केला, ऐकू आलं नाही.

डॉक्टरांनी दार उघडलं. आत पांढऱ्या दिव्याखाली तो उभा होता. चाकांवर एक खांब, खांबाला कोपरात वाकलेला एक हात, त्यावर पारदर्शक प्लास्टिकचं आवरण. बाजूला संगणकाचा एक काळा पडदा. ना पितळ, ना खिळे, ना बरणी, ना दिवे. डॉक्टर उत्साहाने सांगू लागले, हाड कसं मोजतात, हात कसा थांबतो, केसभरही चूक कशी होत नाही.

फुई ऐकत नव्हती. ती खुर्चीत पुढे झुकली होती आणि त्या यंत्राला वरपासून खालपर्यंत शोधत होती. मग तिने मान वाकडी करून त्याच्या मागच्या बाजूलाही पाहिलं. तिने पदर कपाळावर आणखी पुढे ओढला. इतक्या वर्षांत मी तिला घाबरलेलं पाहिलं नव्हतं. नवरा गेला तेव्हाही, असं आई सांगायची, ती कोणाला काही म्हणाली नव्हती. कोणाकडे काही मागितलं नव्हतं. आणि आता त्या थंड, चकचकीत खोलीत, डॉक्टरांचं बोलणं मध्येच तोडून, ती माझ्याकडे वळली आणि रडवेल्या आवाजात ओरडली,

“अरे, याले ते तोंडच नही शे! मंग ‘भाऊ, जरासं हळू कर’ हाई मी सांगू कोनले?”